अजब बंगल्यातील देवता

देवालयातील एखादी मूर्ती उचलली, गाडीवर घालून जिल्ह्याच्या ठिकाणी आणली, तिच्या अंगावरील पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर खरवडून काढला, पीठावर एक क्रमांक रंगविला आणि सरकारी इमारतीच्या दालनात ती भिंतीशी उभी केली, म्हणजे तिच्यातील देवत्वाचे काय होते, हा प्रश्न कोणास अनाठायी वाटेल; परंतु ज्या देशात मातीच्या गोळ्यात देवाचे आवाहन करता येते आणि दीड दिवसाने त्यास आदरपूर्वक निरोपही देता येतो, त्या देशात तो टाळून पुढे जाता येत नाही. आमच्या मुलुखात संग्रहालये स्थापन होऊन शंभर वर्षे उलटली. ज्यांनी ती स्थापिली त्यांचे राज्य गेले, आणि त्यांतील प्रत्येक पाषाणाचे, ताम्रपटाचे व नाण्याचे स्वामित्व आता आमच्याकडे आले. मालमत्ता वारशाने आली की तिच्याबरोबर ऋणही येते, हे आमच्या धर्मशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. त्या ऋणाचे स्वरूप कोणते, याचा विचार नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्याच्या इतिहासाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघोजी भोसले निवर्तले, आणि औरस पुत्र नाही या सबबीवर पुढील वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर, फीलखान्यातील हत्ती, पागेतील घोडे आणि खिल्लारातील बैल लिलावात निघाले. ज्या वस्तूंभोवती एका दरबाराची प्रतिष्ठा गुंफलेली होती, त्या बोलीच्या रकमेइतक्याच उरल्या. १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, सर रिचर्ड टेंपल हा त्याचा चीफ कमिशनर झाला, आणि १८६३ साली, म्हणजे राज्य खालसा झाल्यास अवघी नऊ वर्षे होत असताना, त्याच नागपुरात संग्रहालय उघडण्यात आले. ज्या सत्तेने एका घराण्याच्या वस्तू विकल्या, तिनेच साऱ्या प्रांताच्या वस्तू जमविण्यास आरंभ करावा, यात वरवर विसंगती दिसते. परंतु दोन्ही कृत्यांच्या मुळाशी एकच दृष्टी होती. राज्यकर्त्यास मुलूख समजून घ्यावयाचा होता, आणि समजून घेण्याची त्याची रीत अशी की, वस्तू तिच्या जागेवरून उचलावी, तिचे नाव लिहावे, वजनमाप घ्यावे आणि तिच्यासारख्या इतर वस्तूंच्या ओळीत ती मांडावी. जमाबंदीत शेताचे जे झाले, तेच संग्रहालयात शिल्पाचे झाले. खनिजे, इमारती लाकडाचे नमुने, पेंढा भरलेले पक्षी, गोंडांची आयुधे, सतीचे दगड आणि विष्णूच्या मूर्ती या साऱ्यांस एकाच छपराखाली समान पदवी प्राप्त झाली, आणि ती पदवी नमुन्याची होती.

या दृष्टीचा केवळ धिक्कार करणे मात्र न्यायाचे होणार नाही. कारण तिच्या पोटी काही माणसांची निखळ ज्ञाननिष्ठाही होती. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी मूर्तिपूजेचे खंडन करण्याकरिता नागपुरास आला, आणि येथील दगडांत, जीवाश्मांत व रानातील माणसांत इतका रमला की, खंडन करावयास आलेल्या त्याच मनुष्याने गोंडांच्या लिंगो देवाची दीर्घ कथा टिपून ठेवली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असता तो पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला, आणि त्याची टिपणे टेंपलने १८६६ साली छापून प्रसिद्ध केली. ज्या देवास तो देव मानीत नव्हता, त्याची कथा त्याच्या हातून राहिली. ज्ञानाची भक्ती ही देखील एक भक्ती आहे, आणि तिच्या हातूनही कित्येकदा देवाची सेवा घडते, एवढे यावरून मान्य केले पाहिजे.

तथापि या रीतीने काय हरवते, हे पाहावयाचे असेल, तर १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे सापडलेल्या निधीचे उदाहरण घ्यावे. गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला, आणि खणता खणता तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पत्रे हाती आले. तांब्याचेच वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे दहा बंगाली मण भरले. चांदीच्या पत्र्यांपैकी काही वाटोळ्या चकत्या होत्या, तर काहींचा आकार शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारखा होता. शेतात वा रणात ज्यांचा काही उपयोग नाही अशा या नाजूक पत्र्यांवरून तो निधी कोणा देवतेस वाहिलेला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. तो तर्क खरा मानला, तर तीन-चार सहस्र वर्षांपूर्वी कोणा समूहाने आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे द्रव्य एका अज्ञात दैवतास अर्पण करून भूमीच्या स्वाधीन केले होते. आणि ते अर्पण वर येताच त्याची वाटणी होऊन काही नग नागपुरात राहिले, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियमात गेले आणि काही अन्यत्र पांगले. संग्रहालयांत गेलेले नग जतन झाले. पण अर्पण म्हणून जी एक अखंड क्रिया होती, ती भंगली. १८७८ साली भूमिगत निधीसंबंधी कायदा झाला आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे द्रव्य जमिनीत सापडल्यास त्याची वर्दी कलेक्टरास देणे सक्तीचे ठरले. निधी कोणाचा, एवढे त्या कायद्याने विचारले; तो कोणास वाहिलेला होता, हे विचारण्याचे त्याचे काम नव्हते.

आता आमची स्वतःची परंपरा या बाबतीत काय म्हणते, ते पाहू. मूर्ती म्हणजेच देव, असे आमच्या शास्त्राने कधीही सरसकट म्हटलेले नाही. प्राणप्रतिष्ठेपूर्वी मूर्ती ही शिल्प असते, विसर्जनानंतर ती मृत्तिका असते, आणि मधल्या काळात तिच्या ठायी जे सान्निध्य असते, ते आवाहनाने आलेले व उपचारांनी टिकविलेले असते. जीर्ण वा भग्न झालेल्या मूर्तीतून ते सान्निध्य काढून घेण्याचा विधी अग्निपुराणादी ग्रंथांत सांगितला आहे. काष्ठाची मूर्ती अग्नीस द्यावी, पाषाणाची जळात सोडावी आणि तिच्या जागी नवीन प्रतिष्ठापावी, अशी त्यांची आज्ञा आहे. या न्यायाने पाहिले, तर नाक भंगलेला, हात तुटलेला, शतकानुशतके शेतात पालथा पडलेला विष्णू केव्हाच पाषाण झालेला आहे, आणि त्यास संग्रहालयात नेण्याने धर्माची कोणतीही हानी होत नाही. पाण्यात बुडवावयाची मूर्ती दालनात उभी केली, इतकाच भेद.

हे उत्तर तर्कदृष्ट्या चोख आहे. परंतु या देशातील भाविकाने ते कधी पूर्णपणे स्वीकारलेले नाही. पंढरीच्या विठ्ठलमूर्तीविषयी वारकऱ्यांमध्ये जी कथा परंपरेने चालत आली आहे, तिच्यात कृष्णदेवराय ती मूर्ती विजयनगरास नेतो आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ती परत आणतात. मूर्ती गेली, दुसरी प्रतिष्ठापा, असे त्या कथेत कोणी म्हणत नाही. कारण भक्ताचे नाते त्या एका मूर्तीशी, त्या एका विटेशी आणि चंद्रभागेच्या त्या वाळवंटाशी जडलेले असते. मुंबईस परळ येथे १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना, एकातून एक प्रकटणाऱ्या शिवरूपांची जी भव्य शिळा निघाली, तिचेही हेच झाले. प्राचीन शिल्पकलेचा तो असामान्य नमुना संग्रहालयात जावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु परळच्या रहिवाशांनी तिच्यात महादेव पाहिला, ती बारादेवीच्या मंदिरात राहिली, आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमास तिच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर समाधान मानावे लागले. सहस्राहून अधिक वर्षे तिची पूजा खंडित झाली असेल, तिचे मूळ देवालय कोणते हेही कोणास ठाऊक नसेल. पण माणसे जमली, फूल वाहिले गेले, आणि नाते नव्याने सुरू झाले. ज्या परकीय सत्तेचे कायदे या वस्तूंना द्रव्य समजत होते, तिच्या सर्वोच्च न्यायासनासही, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलासही, १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या वादात असे मान्य करावे लागले की, देवता ही हवी तेथे हलविण्याची जंगम मालमत्ता नव्हे, आणि तिने कोठे वास करावा या बाबतीत तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे.

शास्त्राचा न्याय आणि भक्ताचे हृदय यांत असे अंतर पडते, त्या ठिकाणी विदर्भाच्या भूमीतच उदय पावलेल्या एका पंथाचा विचार मला मार्गदर्शक वाटतो. महानुभावांनी देवताबाहुल्य आणि प्रचलित मूर्तिपूजा नाकारली; त्या अर्थी ते मूर्तीच्या प्रश्नात निःपक्ष साक्षीदार आहेत. परंतु श्रीचक्रधर डोळ्यांआड झाल्यावर त्यांच्या अनुयायांपुढे, प्रभू नसता प्रभूची सेवा कशी करावी, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे जे उत्तर त्यांनी दिले, त्यात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक अशी चार साधने आली. प्रभू जेथे बसले ते स्थान. प्रभूंनी ज्यास स्पर्श केला, जे वापरले, जे दिले तो प्रसाद. रिद्धपुरापासून गोदातीरापर्यंत ही स्थाने त्यांनी किती निष्ठेने नोंदून ठेवली, हे जुन्या मराठीच्या अभ्यासकास सांगावयास नको. येथे पाषाणास पावित्र्य आहे, पण ते त्याच्या द्रव्यात नाही, रूपात नाही, मंत्राने आत घातलेलेही नाही. ते केवळ संबंधात आहे. अमुक पुरुष अमुक दिवशी येथे बसला, एवढ्या एका संबंधाने साधा ओटा वंदनीय होतो. आणि तो संबंध विसरला गेला, तर उरतो तो नुसता ओटा. म्हणूनच त्या पंथाने जी स्थळे वंदिली, ती प्रथम लिहून ठेवली. त्यांच्या ठायी नोंद ठेवणे हेच उपासनेचे अंग झाले.

हा विचार संग्रहालयास लावून पाहिला, म्हणजे परकीय अमदानीतील संग्रहालयाचा खरा दोष कोणता, ते स्पष्ट होते. त्याने देव हलविले, हा दोष नव्हे. कित्येक देव त्याने हलविले नसते, तर ते विहिरीच्या बांधकामात वा रस्त्याच्या खडीत गेले असते. त्याने सर्वांस एका छपराखाली आणले, हाही दोष नव्हे. वस्तू घेताना तिचे संबंध पुष्कळदा मागेच राहू दिले, हा दोष आहे. कोणत्या गावच्या कोणत्या पारावर ती होती, गाव तिला कोणत्या नावाने हाक मारीत असे, तिच्यापुढे कोणता नवस फेडला जाई, ती दिली कोणी आणि देताना तो काय म्हणाला, यांतील बहुतेक गोष्टी दफ्तरात चढल्याच नाहीत. चढली ती शैली, शतक, दगडाची जात आणि उंची. ज्या मूर्तीचे गावच नोंदलेले नाही, ती मूर्ती कितीही सुरक्षित असली तरी अनाथ आहे.

परंतु संबंध तुटतात तसे ते जोडताही येतात, आणि ते जोडण्याचे कार्य स्वातंत्र्याची वाट न पाहता येथील विद्वानांनी पारतंत्र्यातच सुरू केले. रायबहादूर हीरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची १९१६ साली प्रसिद्ध केली, आणि म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी नागपुरात अध्यापन करीत असताना कलचुरी व वाकाटक या विस्मृत राजकुलांचा इतिहास ताम्रपटांतून अक्षरशः उभा केला. ताम्रपट हा मुळात धर्मकृत्याचा दाखला. राजा ब्राह्मणास वा देवालयास भूमी देतो, तिच्या चतुःसीमा लिहून देतो, आणि जो हे दान हिरावून घेईल त्यास घोर शापाची भीती घालतो. रिद्धपूर येथे उजेडात आलेला वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे; ते रामगिरी म्हणजेच रामटेक होय, असे मिराशींनी प्रतिपादिले. दीड सहस्र वर्षांपूर्वी एक विधवा राणी ज्या टेकडीवरील देवाच्या पायाशी बसून दान देते, त्या टेकडीवर आजही यात्रा भरते, हे ज्यास कळले त्याच्या दृष्टीने तो पत्रा केवळ पुरावा राहत नाही. मिराशींनी पूजा केली नाही, मंत्र म्हटला नाही. ताम्रपटातील गावांची नावे आजच्या नकाशावर शोधली. परंतु त्या शोधाने दान, दाता, देव आणि स्थान यांचा तुटलेला संबंध पुन्हा जुळला, आणि महानुभावांच्या अर्थाने पाहता ही उपासनाच होय. १८७५ साली रायपूरचे संग्रहालय ज्या महंत घासीदासांच्या औदार्याने उभे राहिले, ते नांदगावच्या वैष्णव बैरागी गादीचे अधिपती होते; मठाच्या द्रव्याचा विनियोग संग्रहालयाकडे व्हावा, यात धर्माशी विसंगत असे काही त्यांना वाटले नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता या विषयाची अशी एक बाजू मांडली पाहिजे की, जिच्यापुढे देवालयांच्या अभिमान्यांनी मान खाली घालावी. ज्या काळात अजब बंगल्यात विष्णू क्रमांक लावून उभा होता, त्या काळात वऱ्हाड-नागपूरच्या देवालयांतील विष्णू लक्षावधी माणसांस दिसतच नव्हता. १९२७ साली अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला, १९३० साली नाशकास काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, आणि १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरीत प्राण पणास लावून उपोषण करावे लागले, तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांस उघडले. संग्रहालयाच्या दारात मात्र आत येणाऱ्यास त्याची जात विचारण्याचा प्रघात नव्हता. ज्याच्या बापास गावच्या देवळाची पायरी चढता आली नाही, असा मनुष्य तेथे त्याच देवाच्या समोर, हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभा राहू शकत होता. परकीय सरकारने हे पुण्य म्हणून केले नाही. ज्यास ते नमुना समजत होते, तो कोणी पाहिला तरी त्याचे बिघडत नव्हते. तरीही परिणाम खरा होता. गाभाऱ्याने जो संबंध नाकारला, तो दालनाने अनवधानाने का होईना दिला, आणि जो धर्म देवत्व संबंधात पाहतो, त्यास या घटनेपुढे आत्मपरीक्षण करणे प्राप्त आहे. विटाळाच्या भीतीने ज्यांनी देव कोंडला, त्यांनी संग्रहालयाने देव बाटविला असे म्हणू नये.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि एका दिवसात देशातील संग्रहालयांतल्या कितीतरी वस्तूंचा अर्थ पालटला. आदल्या दिवसापर्यंत या प्रांतात बुद्धमूर्ती हा बहुतांशी पुरातत्त्वाचा विषय होता. दुसऱ्या दिवसापासून ती जिवंत माणसांच्या शास्त्याची प्रतिमा झाली. पाषाणात अणुमात्र बदल झाला नव्हता. तिच्यासमोर उभे राहणारा बदलला, आणि संबंध जन्मास आला. याची पूर्वखूण अन्यत्र दिसलीच होती. १८५१ साली कनिंगहॅम व मेझी यांनी सांचीच्या परिसरातील स्तूप खणून सारिपुत्त व मोग्गल्लान या अग्रश्रावकांचे अवशेष बाहेर काढले. पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमात असलेले अवशेष महाबोधी सभेच्या मागणीवरून १९४७ साली तेथून निघाले, सिंहलद्वीपात वंदिले गेले, १९४९ साली भारतात आले आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठित झाले. शंभर वर्षांचा वनवास त्यांस निर्जीव करू शकला नाही. कारण त्यांचे गाव कोणते आणि ते कोणाचे, हे लिहिलेले होते, आणि त्यांची वाट पाहणारी माणसे जिवंत होती. गुंगेरियाच्या निधीचे गाव ठाऊक होते, पण तो कोणाचा हे कोठे लिहिलेले नव्हते, आणि त्याची वाट पाहणारेही कोणी उरले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर प्रांतांच्या सीमा हलल्या. १९५६ साली विदर्भ मध्यप्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. अजब बंगला राजधानीच्या नगरातील संग्रहालय होता, तो एका विभागाचे संग्रहालय झाला. पाटीवरील सरकारचे नाव बदलले. परंतु नाव बदलणे म्हणजे वारसा स्वीकारणे नव्हे. आम्ही स्वतंत्र झालो याचा अर्थ संग्रहालयांची देवळे करावीत, असा मी घेत नाही. तेथे घंटा बांधली, तर ज्या समान दाराचे मोल आताच सांगितले, ते दार पुन्हा अरुंद होण्याची भीती आहे. वस्तूंना नमुना म्हणूनच राहू द्यावे, असेही मी म्हणत नाही. माझे म्हणणे तीन गोष्टींत सांगता येईल. जेथे पूजा जिवंत आहे, तेथील देव जागेवरच राहावा आणि संग्रहालयाने परळप्रमाणे प्रतिकृतीवर संतोष मानावा. जेथे पूजा लोपली आणि रक्षणकर्ता कोणी उरला नाही, तेथे संग्रहालयाने निःसंकोच पालकत्व घ्यावे, आणि दर्शकाचे हात जोडले गेले तर त्यास अडाणी समजून हटकू नये. आणि प्रत्येक वस्तूचे गाव, तिचे लोकनाम, तिचा दाता, तिची कथा, जे जे अद्याप वृद्धांच्या मुखी आहे ते, गावोगाव हिंडून टिपावे व तिच्या पाटीवर शतकाच्या आधी लिहावे.

या तिसऱ्या कर्तव्यास मी सर्वांत वरचे स्थान देतो. कारण पहिली दोन सरकारी हुकमाने होऊ शकतील, तिसरे केवळ श्रद्धेने होईल, आणि त्यास मुदतही आहे. सांगणारी माणसे जातात, पारावरचा देव कोठे गेला हे ठाऊक असणारी अखेरची पिढी जाते, आणि मग जगातील कोणतीही विद्या तो संबंध परत आणू शकत नाही. देव पाषाणात आहे की नाही, याचा निर्णय तत्त्वज्ञांनी आपल्या मतानुसार करावा. पाषाण आणि माणूस यांमध्ये जे घडले ते खरे आहे, याविषयी आस्तिकास व नास्तिकास मतभेदाचे कारण नाही. परकीयांनी वस्तू राखल्या, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत. संबंध राखणे त्यांना शक्य नव्हते, कारण ते संबंध त्यांचे नव्हते. आमचे आहेत, आणि ते लिहून ठेवण्याचे कर्तव्य आम्ही टाळले, तर वस्तू निरर्थक केल्याचा दोष यापुढे परकीय राज्यकर्त्यांच्या माथी मारता येणार नाही. तो आमच्याच खाती जमा होईल.